मुंबईत इलेक्ट्रिशियन व्हायचंय? शिक्षण, हात आणि परवाना: पहिल्या काही वर्षांचा रस्ता

मुंबईत कुठल्याही इमारतीत दुरुस्तीचं काम चालू असेल, तिथे थोडा वेळ थांबून बघा. झिरी मारून पाइप टाकणारा, वायरी ओढणारा, डीबी (घरातल्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी) बांधणारा आणि रात्री उशिरा ट्रिपिंगचं, म्हणजे स्विच आपोआप पडण्याचं, कारण शोधून देणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याचा हात उत्तम असतो. पण काम संपल्यावर वीज कंपनीकडे जो टेस्ट रिपोर्ट जातो, त्यावर सही असते दुसऱ्याची, कारण परवाना दुसऱ्याकडे असतो. वीस-वीस वर्षं काम करूनही अशी माणसं दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहतात आणि कामातला मोठा वाटाही त्या सहीकडेच जातो.

उलट चित्रही दिसतं. आयटीआयचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे, पण जुन्या खोलीतला चिनीमातीचा किटकॅट फ्यूज समोर आला की हात थबकतो.

म्हणून हा लेख एका आग्रहाने लिहितो आहे: हात आणि कागद पहिल्या दिवसापासून बरोबर चालले पाहिजेत. दहावीनंतर या धंद्यात येऊ पाहणारी मुलं-मुली, कुणाच्या हाताखाली हेल्पर म्हणून आधीच लागलेले तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: कोणता कोर्स?

सरळ आणि भक्कम रस्ता सरकारी किंवा मान्यताप्राप्त खासगी आयटीआयचा. महाराष्ट्रात प्रवेशाच्या माहितीपत्रकात इलेक्ट्रिशियन हा ट्रेड 'वीजतंत्री' म्हणून आणि वायरमन हा 'तारतंत्री' म्हणून दिसेल. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. वीजतंत्रीसाठी गणित-विज्ञान विषयांसह दहावी पास लागतं. तारतंत्रीसाठी आठवी पासही चालतं. वयाची खालची अट १४ वर्षं आहे, वरची मर्यादा नाही. त्यामुळे पंचविशीतला हेल्परही वर्गात बसू शकतो आणि त्याने जरूर बसावं.

दहावी पास असाल तर माझं मत स्पष्ट आहे: वीजतंत्री घ्या. तारतंत्रीत वायरिंग, मीटर, ओव्हरहेड लाइन यांवर भर असतो. वीजतंत्रीत त्यासोबत मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर, पॅनेल, मोटरचं वाइंडिंग हेही खोलात येतं. मुंबईत नोकऱ्या आहेत त्या हॉटेल, हॉस्पिटल, टॉवर, मॉल आणि कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांत. तिथे पंप, लिफ्टचा पॅनेल, जनरेटरची बदली यंत्रणा रोज समोर येते. मोटर न शिकलेला माणूस तिथे दिवाबत्तीच्या कामापुरताच उरतो.

तीन किंवा सहा महिन्यांचे छोटे कोर्स शहरात खूप चालतात. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. घर चालवायची घाई असेल, आयटीआयचं वर्ष हुकलं असेल, तर हात बसवायला ते उपयोगी पडतात. मात्र फी भरण्याआधी दोन प्रश्न थेट विचारा: हे प्रमाणपत्र कोणत्या सरकारी मंडळाचं किंवा परिषदेचं आहे? आणि वायरमन परवान्यासाठी ते धरलं जातं का? उत्तर लेखी मिळालं नाही तर तिथे पैसे घालू नका. 'शंभर टक्के नोकरी' असा फलक लावणाऱ्या क्लासपेक्षा ज्याच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत टेबलं, वापरून जुन्या झालेल्या मोटरी आणि जळालेले स्टार्टर दिसतात, तो क्लास बरा.

आणि ज्यांच्या घरात किंवा ओळखीत चांगला मिस्त्री आहे, त्यांनी त्याच्या हाताखाली जरूर जावं, पण शिक्षणाला पर्याय म्हणून नको. सुट्टीत, रविवारी, प्रवेशाची वाट बघत असताना जावं.

प्रवेश घेताना

मुंबईत मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, लोअर परळ अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. कुर्ल्याला डॉन बॉस्कोसारखी जुनी खासगी संस्थाही आहे. दहावीचा निकाल लागला की व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू होते. अर्ज भरायचा, कागद पडताळून निश्चित करून घ्यायचा, मग संस्था आणि ट्रेड यांचे विकल्प पसंतीच्या क्रमाने द्यायचे आणि गुणवत्ता यादीप्रमाणे फेऱ्यांत जागा मिळते. सरकारी संस्थेत फी खासगीच्या मानाने फारच थोडी असते.

इथे मुलं एका गोष्टीत फसतात. पहिल्या क्रमांकावर जो विकल्प लिहिलात तोच मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून मित्राने टाकलं म्हणून काहीतरी वर टाकू नका. वीजतंत्रीला मागणी जास्त असते; गुण बेताचे असतील तर वीजतंत्री वेगवेगळ्या संस्थांत टाका आणि त्याखाली तारतंत्री ठेवा. घरापासून लोकलने एक तासावरची संस्था चालेल, पण ट्रेड नावडता नको. कल्याण-डोंबिवलीकडच्यांनी ठाणे आणि अंबरनाथच्या संस्थाही बघाव्यात.

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला या सगळ्यांवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आत्ताच तपासा. पुढे अप्रेंटिसशिपला आणि परवान्याला याच कागदांची साखळी लागते आणि नावातल्या एका वेलांटीसाठी महिनेच्या महिने जातात.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. सरकारी आयटीआयमध्ये महिलांसाठी जागा राखीव असतात. 'खांबावर चढायला लागेल' या धाकाने घरचे मागे ओढतात. प्रत्यक्षात पॅनेल वायरिंग, टेस्टिंग, कंट्रोल रूम, हॉस्पिटलचा मेंटेनन्स अशी खांबाशी संबंध नसलेली भरपूर कामं या धंद्यात आहेत. आणि खांबावर चढणाऱ्या मुलीही महाराष्ट्रात आहेत.

आधी जीव वाचवायला शिका

आयटीआयची सुरुवात सुरक्षिततेपासून होते आणि मुलं तो भाग कंटाळून घालवतात. त्याचं गणित एकदा समजून घ्या. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठा असतो. घामेजलेल्या, ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला तर अंगातून जाणारा प्रवाह २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. माणसाच्या रक्षणासाठी लावलेली आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची, म्हणजे ०.०३ अँपिअरची, असते ती याचसाठी. मुंबईच्या दमट हवेत, जूनमध्ये, घामाने निथळत टेरेसच्या पंपावर काम करताना हे आकडे डोक्यात असले पाहिजेत.

आरसीसीबीवर आंधळा विश्वासही नको. ती गळती पकडते, म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला नाही तर ट्रिप होते. जमिनीपासून अलग उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात. ती पडणार नाही.

कामाची सवय अशी लावा. पुरवठा बंद करा. तो दुसरा कुणी चालू करणार नाही याची सोय करा. मग तपासा. यातली मधली पायरी मुंबईत सर्वांत जास्त राहून जाते. इमारतीच्या तळमजल्यावर एकच मीटर रूम असते, तिथे डझनभर घरांची कटआउट (मुख्य फ्यूज) असतात. 'लाइट गेली' म्हणून कुणी तरी खाली येतो, एक खाली पाडलेला स्विच दिसतो आणि तो सरळ वर करतो. वॉचमनला सांगून ठेवणं ही सोय झाली नाही. त्याची पाळी बदलते. जुना फ्यूज असेल तर त्याचा कॅरिअर (तार असलेला सुटा भाग) काढून स्वतःच्या खिशात ठेवा. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर तिला लॉक लावा, लॉक नसेल तर चिकटपट्टीने बांधून 'काम चालू आहे' अशी पाटी आणि तुमचा मोबाइल नंबर लावा.

तपासताना खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही. लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत उभे असाल तर तो धड पेटत नाही. कधी शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे बंद वायरवरही मिणमिणतो. चांगला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प वापरा आणि क्रम पाळा: आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर तपासा, मग कामाच्या जागी मोजा, मग पुन्हा चालू सॉकेटवर तपासा. मधेच मीटरची लीड तुटली असेल तर हे तिसरं मोजमाप तुम्हाला वाचवतं. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही दिव्यांच्या वायरीत फेज राहतो. खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न 'इन्व्हर्टर आहे का?' हाच.

अॅल्युमिनियमची शिडी विजेच्या कामाला नको; लाकडी किंवा फायबरची घ्या. या धंद्यात माणसं पडूनही जखमी होतात. छोटा झटकाही हात सोडवून शिडीवरून खाली फेकतो.

सोबत्याला झटका बसला तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर ढकला. मग १०८ ला फोन. श्वास आणि हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. हे वाचून येत नाही. एकदा प्रशिक्षण घेऊन बाहुलीवर करून बघा. आणि झटका बसलेला माणूस 'मी बरा आहे' म्हणाला तरी त्याला डॉक्टरकडे न्या.

घरच्या टेबलावर करायचा सराव

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एका टेबलाभोवती बरीच मुलं असतात. हात खरा बसतो तो घरी. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन थोडं सामान आणा: एक प्लायवुडची फळी, दोन साधे स्विच, दोन टू-वे स्विच, दोन होल्डर, एक ६ अँपिअरचं सॉकेट, एमसीबी आणि लाल, काळ्या, हिरव्या रंगाची दीडची (१.५ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ (जमिनीला जोडलेली तार) हा रंगांचा नियम पहिल्या दिवसापासून मोडायचा नाही, सरावातही नाही. टपारियासारख्या चांगल्या कंपनीची पक्कड, दोन-तीन मापांचे पेचकस, स्ट्रिपर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढी हत्यारं सुरुवातीला पुरतात. ड्रिल मशीन, क्लॅम्प मीटर, मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं उपकरण) हे पुढे कमाईतून घ्या.

पहिले काही दिवस फळीला वीज जोडायचीच नाही. एक स्विच–एक दिवा, मग जिन्याचं टू-वे (दोन स्विचवरून एकच दिवा), मग सॉकेट, असं जोडा आणि सगळं मल्टिमीटरच्या बझरवर (जोड पूर्ण असेल तर तो वाजतो) तपासा. स्विच फेजमध्येच आला का? चुडीचा होल्डर असेल तर मधल्या टोकाला फेज आणि बाहेरच्या चुडीला न्यूट्रल आला का? स्ट्रिप करताना तांब्याची एकही तार तुटली नाही ना? स्क्रूखाली वायर घट्ट बसली की ओढून बघायची. घरांतल्या जळक्या बोर्डांचं एक मोठं कारण सैल स्क्रू असतं. सैल जोडावर रोध वाढतो, उष्णता होते आणि प्लास्टिक वितळतं.

मग सिरीज बोर्ड बनवा. हे जुन्या मिस्त्र्यांचं हत्यार आहे आणि शिकणाऱ्याला याच्यासारखा दुसरा गुरू नाही. एका सॉकेटच्या फेजमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा, बस्स. एलईडी चालणार नाही. आता या सॉकेटला कुठलंही दुरुस्तीला आलेलं उपकरण लावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, पण फ्यूज उडणार नाही. आत वायर तुटलेली असेल तर बल्ब पेटणारच नाही. इस्त्रीसारखं उपकरण चांगलं असेल तर इस्त्रीचा रोध कमी असल्याने बल्ब जवळपास पूर्ण पेटेल. पंखा चांगला असेल तर मंद पेटेल. हा फरक का पडतो ते कागदावर मांडून काढलंत की सिरीज सर्किट कायमचं समजतं. हा बोर्ड जोडताना सुरुवातीला जाणता माणूस शेजारी हवा.

आता मोजमाप. इस्त्रीवर १००० वॅट लिहिलं आहे. २३० ने भागा: सुमारे ४.३ अँपिअर. २००० वॅटचा गीझर: ८.७ अँपिअर. ३००० वॅटचा झटपट गीझर: १३ अँपिअर. मग समजतं की गीझरला १६ अँपिअरचं सॉकेट का लागतं. उलट दिशेनेही करा: गीझरचा प्लग काढून मल्टिमीटरने एलिमेंटचा रोध मोजा. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे साधारण २६ ओहम यायला हवा. आला तर एलिमेंट ठीक. आता १०० वॅटचा पिवळा बल्ब मोजा. हिशोबाने ५२९ ओहम यायला हवा, पण मीटर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दाखवेल. मीटर बिघडलेला नाही. फिलामेंट थंड आहे. तापल्यावर त्याचा रोध कितीतरी पट वाढतो. स्विच लावताक्षणी बल्ब का जातात याचं उत्तरही त्यातच आहे.

अशा प्रश्नांना वर्गातला ओहमचा नियम जोडत गेलात की परीक्षेसाठी वेगळा अभ्यास फार उरत नाही.

साइटवर हेल्पर म्हणून

शिकत असतानाच सुट्ट्यांत एखाद्या परवानाधारक ठेकेदाराकडे जा. पहिले काही महिने झिरी मारणं, पाइप टाकणं, सामान चढवणं हेच येईल. ते मन लावून करा, पण डोळे डीबीकडे असू द्या. कुठल्या सर्किटला कुठली वायर गेली हे रोज संध्याकाळी वहीत उतरवा. घरगुती कामात साधारण दिव्या-पंख्यांना दीडची, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला अडीचची, एसी आणि मोठ्या गीझरला चारची असा अंदाज असतो. अंतर, पाइपमधली गर्दी आणि लोड यांवर तो बदलतो. वायर आणि केबल आयएसआय मार्कचीच.

एक गोष्ट मुंबईत सतत दिसेल. जुन्या घरात नवा एसी बसतो, १६ ची एमसीबी पडायला लागते, आणि कुणीतरी तिच्या जागी ३२ ची बसवून मोकळा होतो. पडणं थांबतं, घरमालक खूश. पण एमसीबी एसीला वाचवायला नसते, भिंतीतल्या वायरीला वाचवायला असते. आता ती अडीचची वायर तापत राहते आणि एमसीबी शांत बसते. हे करायला कुणीही सांगितलं, मिस्त्रीने सांगितलं तरी, करू नका. योग्य मार्ग म्हणजे डीबीपासून एसीसाठी वेगळी चारची वायर.

आरसीसीबीचं ट्रिपिंग शोधणं ही दुसरी शाळा. सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी टिकत नाही, असं झालं की नवखा गोंधळतो. कारण असं: एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटला असेल तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडते. मग एकेका सर्किटचा न्यूट्रल बारवरून सोडवून शोधावं लागतं. मोठ्या कामात ५०० व्होल्टचा मेगर लावून फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला रोध बघतात. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वायरिंगमध्ये दोष शोधायचा. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून ठेवायची, नाहीतर ती जातात. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की हे सगळं काम दुप्पट वाढतं.

जुन्या खोल्या, जुन्या इमारती

गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींत आणि जुन्या इमारतींत आजही लाकडी पट्टीवरची वायरिंग, लाकडी बोर्ड, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज सापडतात. पुस्तकातली घरं आणि ही घरं यांत फार अंतर आहे, म्हणून जास्त जपून शिका.

पुष्कळ ठिकाणी फेजलाही फ्यूज आणि न्यूट्रललाही फ्यूज असतो. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, घरच्यांना वाटतं वीज गेली, पण वायरीत फेज तसाच उभा असतो. कित्येक बोर्डांत स्विच न्यूट्रलमध्ये असतो. स्विच बंद, दिवा बंद, आणि होल्डरमध्ये हात घातला की झटका. अर्थिंग तर बऱ्याच खोल्यांत येतच नाही. तीन पिनच्या सॉकेटचं वरचं भोक फक्त शोभेला. रबरी आवरणाची जुनी वायर वाकवली की आवरण भुगा होऊन पडतं. तिथे 'जरा एवढा जोड मारून दे' असं कुणी म्हटलं तरी नकार द्या आणि पूर्ण तुकडा बदलायला सांगा.

आणखी एक. इमारतीला तीन फेज येतात आणि घरं त्यांवर वाटलेली असतात. मेनचा न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला तर कमी लोडच्या घरांत व्होल्टेज ३०० च्याही वर चढतं, जास्त लोडच्या घरांत खाली येतं. एकाच वेळी दोन-चार घरांतले टीव्ही, पंख्याचे रेग्युलेटर, फ्रिज गेले की हाच संशय घ्यायचा. तेव्हा शिकाऊ माणसाने करायचं काम एवढंच: सगळ्यांना मेन बंद करायला सांगायचं आणि वीज कंपनीला कळवायचं. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण. त्या भागात कोण ते बिलावर असतं. मीटरच्या अलीकडचं, म्हणजे कंपनीच्या बाजूचं सील तोडून हात घालायचा अधिकार आपल्याला नाही.

आयटीआय संपल्यावर: अप्रेंटिसशिप सोडू नका

हा टप्पा सोडून मुलं थेट पगाराच्या मागे जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय पास उमेदवाराला साधारण वर्षभर उद्योगात शिकायला मिळतं, विद्यावेतनही मिळतं, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येतं. मुंबईसारखं भाग्य यात दुसऱ्या शहराला कमी आहे: परळ, माटुंगा, लोअर परळ इथली रेल्वेची वर्कशॉप्स, कुर्ल्याची कारशेड, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही आयटीआय पास मुलांसाठी विद्यावेतनी प्रशिक्षणाच्या जागा निघतात.

रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत आजवर लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, दहावीला किमान ५० टक्के आणि वय साधारण १५ ते २४ लागतं. म्हणजे दहावीचे आणि आयटीआयचे गुण इथे थेट कामी येतात. वर्षाच्या सुरुवातीलाच राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून ठेवा आणि जाहिराती त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा. पैसे घेऊन अप्रेंटिसशिप लावून देतो म्हणणारा दलाल भेटला तर उठून निघून या. अर्जाची सरकारी फी सोडून कुणाला काही द्यायचं नसतं.

एक सूचना महावितरणकडे डोळा असलेल्यांना. विद्युत सहायक पदासाठी आयटीआयसोबत बारावी मागतात. दहावीनंतर थेट आयटीआय केलेली मुलं तिथे अडतात. म्हणून आयटीआय चालू असताना किंवा संपल्याबरोबर मुक्त विद्यालयातून किंवा बहिःस्थ म्हणून बारावी काढून टाका.

आणि ज्याला अभ्यास झेपतो त्याने डिप्लोमाचा विचार करावा. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयतून आलेली मुलं गणितात चाचपडतात, पण प्रॅक्टिकलला वर्गात सर्वांत पुढे असतात.

परवाना

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाकडून व्हायला हवं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशी किरकोळ कामं यातून वगळली आहेत. नवीन वायरिंग, लोड वाढवणं, नवं मीटर यांत मात्र परवाना येतोच.

महाराष्ट्रात हे परवाने राज्याच्या ऊर्जा विभागाचं अनुज्ञापक मंडळ देतं. कार्यालय चेंबूरला प्रशासकीय इमारतीत आहे. पायऱ्या तीन: वायरमनचं परमिट, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्र हाती असेल तर पहिली पायरी सर्वांत सोपी होते. ज्यांनी आयटीआय केलेलं नाही, त्यांना अनुभवाच्या दाखल्यांवर आणि परीक्षेवर जावं लागतं. इथेच हेल्पर म्हणून राबलेल्यांची वर्षं वाया जातात, कारण अनुभव लिहून देणारा ठेकेदार परवानाधारक लागतो आणि त्यांच्या मिस्त्रीकडे परवाना नसतो.

म्हणून आजच, पहिल्या कामापासून, तीन गोष्टी करा. ज्याच्याकडे काम करता त्याचा परवाना क्रमांक विचारून वहीत लिहा. विचारायला संकोच नको. काम सोडताना त्याच्या लेटरहेडवर, तारखांसह आणि केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला घ्या, कारण वर्षभराने तो माणूस फोन उचलेलच असं नाही. आणि पगार शक्यतो बँकेतून घ्या. दाखल्यावर शंका आली तर ते पासबुक तुमच्या बाजूने बोलतं.

परमिट मिळालं की तिथेच थांबू नका, पुढच्या पायरीची तारीख मोजायला लागा. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र डिप्लोमामुळे किंवा परमिटनंतरचा अनुभव आणि परीक्षा यांतून मिळतं. ते मिळालं की मोठ्या ठेकेदाराकडे पर्यवेक्षक म्हणून उभे राहता येतं आणि पुढे स्वतःच्या नावाचा ठेका घेता येतो. त्यासाठी मेगर, अर्थ टेस्टर अशी मोजमापाची उपकरणं स्वतःची लागतात. कमाई सुरू झाली की दरमहा थोडं बाजूला टाकून ती एकेक घेत जा. परवान्याला मुदत असते. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीच्या गजरासह घाला आणि परमिट, पावती, दाखले यांच्या प्रती घरी एक आणि फोनमध्ये एक ठेवा. चेंबूरच्या खिडकीवर मूळ कागदाबरोबर त्यांच्या स्वयंसाक्षांकित प्रतीही घेऊन जा.